तोंडी ‘नाही’ कागदावर आणा: नगरपालिका, ग्रामपंचायत आणि तृतीयपंथीयांशी होणारा भेदभाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी वकील नाही. तालुक्याच्या गावी लोकांचे अर्ज लिहून देते. त्या टेबलाशी बसल्यावर जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे उतरवलं आहे. केंद्राचा कायदा देशभर एकच, पण नगरपालिका, ग्रामपंचायत आणि त्यांची टेबलं राज्यागणिक बदलतात. म्हणून ही उत्तरं महाराष्ट्रापुरती समजा.

‘तृतीयपंथी’ हाच शब्द का वापरता?

सरकारी कागदावर तोच आहे म्हणून. पारलिंगी, किन्नर, हिजडा, ट्रान्स, ज्याला जो रुचेल तो. ट्रान्स पुरुषांना ‘तृतीयपंथी’ हा शब्द सहसा आपला वाटत नाही, हे मी अनेकदा ऐकलं आहे. पण अर्जात कायद्यातला शब्द असला की समोरच्याला शब्दावरून फाटे फोडता येत नाहीत.

नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला हा कायदा लागू होतो का? तो तर कंपन्यांसाठी आहे असं सांगतात.

लागू होतो. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ हा १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्यातल्या ‘आस्थापना’ या शब्दात कायद्याने स्थापन झालेल्या संस्था येतात, स्थानिक प्राधिकरणंही येतात. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत, पंचायत यांतलं कुणीच बाहेर राहत नाही. कलम ३ सांगतं की शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा, जनतेसाठी असलेल्या सोयी, राहण्याची जागा, ये-जा आणि सार्वजनिक पद यांत भेदभाव करायचा नाही.

त्याआधीचा पाया १५ एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी लिंगओळख ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे, हे संविधानाच्या कलम १४, १५, १६, १९ आणि २१ च्या आधारे मान्य केलं. तो खटला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने लढवला होता. मोफत वकील देणारी ती यंत्रणा तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातही बसते. तिच्याकडे पुढे येऊच.

काउंटरवर तोंडी ‘होत नाही’ म्हणाले. आता?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या ओळखीची एक ताई आठवडी बाजारात गजरे विकते. बरीच वर्षं तीच जागा, तोच पाट, तीच ओली गोणपाटाची घडी. नगरपालिकेने फेरीवाल्यांचं सर्वेक्षण केलं तेव्हा तिच्या डावीकडची भाजीवाली यादीत आली, उजवीकडचा बांगडीवाला आला, मधली ही गायब. आम्ही दोघी खिडकीवर गेलो. बाबूंनी आधार कार्डाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा कार्डाकडे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “ह्याला घेऊन नंतर या.”

ताई म्हणाली, “साहेब, मी इथंच उभी आहे. माझ्याशी बोला की.”

“अहो, फॉर्मात तुमचा रकानाच नाही. होत नाही ते.”

त्यांच्या मागच्या भिंतीवर नागरिकांची सनद लावलेली होती. निम्मी कपाटाआड गेलेली.

ही भेट इथेच संपली असती, तर उद्या नगरपालिका म्हणू शकली असती की असं कुणी आलंच नव्हतं. कचेऱ्या भेदभाव क्वचितच लिहून करतात. ‘तुम्ही तृतीयपंथी आहात म्हणून देत नाही’ असं सही-शिक्क्यानिशी कोण देईल? ‘साहेब रजेवर आहेत’, ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘रकाना नाही’, ‘पुढच्या आठवड्यात या’. पुढचं सगळं काम या हवेतल्या शब्दांना कागदावर आणण्याचं आहे.

आम्ही बाहेर येऊन झेरॉक्सच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसलो आणि अर्ज लिहिला. त्याचा सांगाडा हा:

“प्रति, मा. मुख्याधिकारी. आज दिनांक अमुक रोजी, सकाळी अमुक वाजता, अमुक विभागाच्या खिडकीवर मी फेरीवाला सर्वेक्षणात नाव घेण्यासाठी गेले असता अर्ज स्वीकारण्यात आला नाही. ‘फॉर्ममध्ये रकाना नाही’ असे तोंडी सांगण्यात आले. हा नकार २०१९ च्या अधिनियमाच्या कलम ३ च्या विरुद्ध आहे. माझा मूळ अर्ज सोबत जोडला आहे. तो स्वीकारावा, अन्यथा नकाराचे कारण लेखी द्यावे. हा अर्ज कलम ११ खालील तक्रार म्हणूनही नोंदवावा.”

दोन प्रती. एक आवक-जावकला द्यायची, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच म्हणजे शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही. चारातलं एक जरी नसलं तरी खिडकी सोडायची नाही. नुसता गोल शिक्का मारून देतात आणि आवक क्रमांक घालतच नाहीत, तिथे आपण फसतो, कारण क्रमांक नसलेला अर्ज रजिस्टरात सापडत नाही. आवक कारकून म्हणाला, “साहेबांना विचारून घेतो,” तर त्याला शांतपणे सांगा की मंजूर-नामंजूर साहेब करतील, तुम्ही फक्त नोंद घ्या. तरी घेतलाच नाही, तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवायचा, आणि ‘आवक विभागाने स्वीकारला नाही’ हे एक वाक्य त्यात वाढवायचं. पोस्टाची पावती अर्जाला टाचून ठेवायची.

मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं असलं तर ठेवा. पण भिस्त कागदावर.

भेदभाव झाला हे सिद्ध कसं करणार? त्यांनी तर सगळ्यांनाच त्रास दिला असेल.

हा युक्तिवाद समोरून येतोच: “आम्ही कुणालाच लवकर देत नाही, ताई!” आणि तो अगदीच खोटाही नसतो. म्हणून तुलना दाखवावी लागते. त्याच दिवशी, त्याच खिडकीवर, तशाच कागदांवर दुसऱ्याचं काम झालं का? गजऱ्याच्या ताईच्या बाबतीत शेजारच्या दोघांची नावं यादीत होती, एवढं पुरलं.

आणखी एक गोष्ट तिच्याकडे होती. प्लास्टिकच्या पिशवीत भुईभाड्याच्या पावत्या. कोपरे दुमडलेल्या, काहींची शाई पाण्याने पसरलेली, सगळ्यांना मोगऱ्याचा वास. बाजाराच्या दिवशी त्याच नगरपालिकेचा माणूस येऊन पैसे घेऊन पावती फाडत होता. पावती फाडताना कधी रकाना लागला नव्हता. आम्ही त्यातल्या जुन्यात जुन्या आणि नव्यात नव्या पावतीची झेरॉक्स अर्जाला जोडली.

तुमच्याकडेही असं काही निघेल: घरपट्टीची पावती, नळपट्टी, मतदार यादीतलं नाव. तुम्हाला ‘नाही’ म्हणणाऱ्या कचेरीनेच तुम्हाला आधी कधी ‘हो’ म्हटलेलं असतं. ते शोधा.

‘तक्रार अधिकारी’ कोण असतो?

कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. २०२० च्या नियमांत मुदतीही आहेत: नियम लागू झाल्यापासून ३० दिवसांत नेमणूक, तक्रार आल्यावर १५ दिवसांत चौकशी, अहवाल आल्यावर १५ दिवसांत आस्थापनेच्या प्रमुखाने कार्यवाही. महापालिकेत प्रमुख म्हणजे आयुक्त, नगरपालिकेत मुख्याधिकारी. याच नियमांत प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून जाहीर करायचं, असंही आहे.

आमच्याकडे असा अधिकारी नेमलेलाच नाही म्हणतात. मग तक्रार कुणाकडे?

तर मग तुमच्याकडे आता एक नाही, दोन तक्रारी आहेत.

मी हे गमतीने म्हणत नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी जेन कौशिक यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने (न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन) नेमकं यावरच बोट ठेवलं. प्रकरण शाळेतून काढलेल्या एका शिक्षिकेचं होतं, पण न्यायालय तिथे थांबलं नाही. कायदा करायचा आणि त्याखालची यंत्रणा उभीच करायची नाही, हाही भेदभावच आहे, असं न्यायालयाने म्हटलं. प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी, जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस महासंचालक यांच्या अखत्यारीत तृतीयपंथी संरक्षण कक्ष, राज्यात कल्याण मंडळ, टोल-फ्री हेल्पलाइन यांचे आदेश दिले. आस्थापनेच्या प्रमुखाचा निर्णय पटला नाही तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाण्याची वाटही दाखवली.

म्हणून अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा आणि त्यात लिहा: ‘आपल्या कार्यालयात कलम ११ खालील तक्रार अधिकारी नेमलेला असल्यास हा अर्ज त्यांच्याकडे पाठवावा, नसल्यास तसे लेखी कळवावे.’ एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि एक समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना. प्रत दिली आहे हे अर्जाच्या खाली ठळक लिहायचं. मुख्याधिकारी वाचताना आधी तीच ओळ वाचतात.

माझ्याकडे तृतीयपंथी म्हणून ओळखपत्र नाही. तक्रार करता येईल का?

येईल. भेदभावाची मनाई ओळखपत्रधारकांपुरती लिहिलेली नाही. समोरच्याने तुमचं कार्ड बघून नव्हे, तुमच्याकडे बघून नकार दिलेला असतो.

ओळखपत्र असलं तर कामं सोपी होतात, हेही खरं. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, राष्ट्रीय पोर्टलवरून होतो. पोर्टल नोव्हेंबर २०२० पासून चालू आहे. ओळखपत्राच्या अटींवरून देशात मोठा वाद आहे आणि त्या बदलू शकतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर लागू असलेली अट स्वतः वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी यादी वाचून कुणी ऑपरेशनच्या कागदांसाठी धावपळ केली, असं मी पाहिलं आहे.

माहितीचा अधिकार इथे कसा उपयोगी पडतो?

फार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), एक विषय, दीडशे शब्द. उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. तिथे मात्र वर्ष-दोन वर्षं सहज जातात, त्याची तयारी ठेवा.

‘तुम्ही भेदभाव का केला’ असं विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असा शिक्का मिळतो. नक्कल मागा. तक्रार अधिकाऱ्याच्या नेमणुकीच्या आदेशाची नक्कल. समान संधी धोरणाची नक्कल. सर्वेक्षणाच्या फॉर्मची कोरी प्रत. माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या टिपण्यांची नक्कल. ही शेवटची सगळ्यात मोलाची. फाईलच्या डाव्या पानावर कारकुनाने काय लिहिलं, वरच्या साहेबांनी त्यावर काय शेरा मारला, सगळं त्यात दिसतं. ‘अभिलेखावर उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. अधिकारी नेमलेला नाही, ही त्यांनीच सहीनिशी दिलेली कबुली आहे.

दाखला अडवला आहे: जन्म, मृत्यू, विवाह नोंदणी, घरपट्टीवरचं नाव. त्यालाही हीच वाट?

याला एक जवळची वाट आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत द्यायची, नाकारायची तर कारण लेखी द्यायचं. वर दोन अपिलं त्याच कार्यालयाच्या उतरंडीत, तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूर केलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान वाटते, पण ती पगारातून जाते आणि सेवापुस्तकाची धास्ती असते. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अर्ज केलात तर पोचीचा प्रश्नच उरत नाही, क्रमांक आपोआप पडतो.

जन्मदाखल्यावर नाव आणि लिंग बदलून घेणं अजून कटकटीचं आहे. निबंधक म्हणतात, आमच्या कायद्यात फक्त चुकीची दुरुस्ती बसते. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात निबंधकाला बदललेली नोंद करायला लावलं. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण अर्जाला जोडायला चांगला आहे.

ग्रामपंचायतीला उभं राहायचं आहे. राखीव जागेवर अर्ज भरता येतो का?

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची गोष्ट सांगते, तीच उत्तर आहे.

जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील यांनी सर्वसाधारण महिला राखीव जागेवर अर्ज भरला. ३१ डिसेंबरच्या छाननीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो बाद केला. कारण, उमेदवार तृतीयपंथी आहे. अंजली गुरू संजना जान या नावाने औरंगाबाद खंडपीठात याचिका गेली. २ जानेवारीला न्या. रवींद्र घुगे यांनी नकार रद्द केला. याचिकाकर्तीने स्त्री ही ओळख निवडली आहे, ती तिला कायद्याने निवडता येते, आणि पुढे सोयीनुसार ती पुन्हा पुरुष म्हणून वावरणार नाही, हे नोंदवून त्यांनी महिला राखीव जागेवर लढण्याची परवानगी दिली. १५ जानेवारीला मतदान झालं आणि त्या निवडून आल्या.

दोन गोष्टी बघा. निवडणूक सुरू असताना न्यायालयं सहसा मध्ये पडत नाहीत, संविधानाच्या २४३-ओ चा अडसर असतो. तरीही इथे सुनावणी झाली आणि दोन दिवसांत आदेश मिळाला. दुसरी, जी मी प्रत्येकाला सांगते: छाननीत अर्ज बाद करताना अधिकाऱ्याला कारण लिहून द्यावंच लागतं. इथे ‘नाही’ पहिल्याच दिवशी कागदावर होतं. तेच जर ‘नंतर या’ असतं, तर मतदान होऊन गेलं असतं.

यामागे जुना इतिहास आहे. मध्य प्रदेशात कटनीच्या तृतीयपंथी महापौर कमला जान निवडून येऊनही, जागा स्त्रियांची होती म्हणून २००३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना पद गमवायला लावलं. २०१४ चा निकाल मध्ये आला नसता तर भादलीतही तेच झालं असतं. आणि महाराष्ट्रात २०१७ मध्येच माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच केलं होतं. माळशिरसच्या पंचक्रोशीत त्यांना ‘माऊली’ म्हणतात. गावाला जे आधीच समजलं होतं ते छाननीच्या टेबलाला समजायला कोर्टाचा कागद लागला.

एक खबरदारी: निवडणूक निर्णय अधिकारी हा राज्य निवडणूक आयोगाच्या वतीने काम करतो, ग्रामपंचायतीच्या नाही. प्रतिवादी चुकवू नका.

सार्वजनिक शौचालयात रखवालदार आत सोडत नाही.

२०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांसाठी सार्वजनिक शौचालयांची सोय करण्याचा आदेश आहे. २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयानेही मार्गदर्शक सूचनांत म्हटलं की व्यक्तीला जी ओळख आपली वाटते त्या बाजूचं शौचालय तिला वापरता यावं.

बहुतेक शौचालयं ठेकेदार चालवतात आणि नगरपालिका म्हणते, ठेकेदाराला विचारा. ठेका देणारे तुम्हीच आहात, एवढंच उत्तर. करारनाम्याची नक्कल माहिती अधिकारात मागा. इतरांना जाता येतं अशा सार्वजनिक ठिकाणी अडवणं, हे २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ खाली नुसता भेदभाव नाही, गुन्हा आहे.

पथारी उचलून नेली. फेरीवाला म्हणून हक्क आहे का?

पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत आधीपासून बसणाऱ्याला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत. तुमच्या गावात ही समिती कागदावर तरी आहे का, हे आधी विचारा. माल जप्त झाला असेल तर जप्तीची यादी मागा. यादीशिवाय उचललेली टोपली परत मिळवणं महाकठीण.

नोकरीत? सफाई, सुरक्षारक्षक, कंत्राटी कामगार?

कलम ९ नोकरभरती, बढती आणि त्यांच्याशी निगडित गोष्टींत भेदभावाला मनाई करतं. इच्छा असली तर काय करता येतं याचा दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा: २०२२ मध्ये तिने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून घेतलं, ५० वर्षांवरच्यांसाठी दरमहा ३००० रुपये पेन्शनची योजना आणली. ‘असं कुठे होतं का?’ असं तुमच्या गावचे साहेब विचारतील तेव्हा हे सांगा. अर्थात या नोकऱ्या कंत्राटी आहेत, आणि कंत्राट संपलं की गणवेश परत करावा लागतो, हेही विसरू नये.

गावातून निघून जा, असं ग्रामपंचायतीने सांगितलं. ठरावही केला म्हणतात.

ठरावाची नक्कल आजच मागा, उद्या नको. प्रोसिडिंग बुकात कधी कधी नंतर ओळी वाढतात आणि कधी पान गायब होतं. तृतीयपंथीयाला घर, गाव किंवा राहतं ठिकाण सोडायला भाग पाडणं हा कलम १८ खालचा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं आणि दंड. ग्रामसभेच्या शंभर हातांनी तो कायदेशीर होत नाही. गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना त्याच दिवशी अर्ज द्या. सरपंच-सदस्यांच्या गैरवर्तनासाठी ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ३९ आहे, त्यात पद जाऊ शकतं. वेळ लागतो, पण नोटीस निघाली तरी गावातली भाषा बदलते.

पोलीस म्हणतात, ही एनसी (अदखलपात्र गुन्हा) आहे. खरं का?

दुर्दैवाने, पुष्कळदा तांत्रिकदृष्ट्या खरं. २०१९ मध्ये कलम १८ ची शिक्षा दोन वर्षांपर्यंतच ठेवली. विशेष कायद्यांत तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा अदखलपात्र धरतात. हा या कायद्यातला सगळ्यात लंगडा भाग आहे आणि समाजातले लोक २०१९ पासून तेच ओरडून सांगत आहेत.

म्हणून एकट्या कलम १८ वर राहू नका. मारहाण, धमकी, घराची मोडतोड झाली असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात. पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल तर अॅट्रॉसिटीचा कायदा. पोलीस ठाण्याने घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, तिथून दंडाधिकाऱ्यांकडे.

आणि आदेश नेमका कुणाचा हे आधी बघा. नागपुरात २०२३ मध्ये आणि पुण्यात २०२४ मध्ये तृतीयपंथीयांवर निर्बंध घालणारे आदेश पोलीस आयुक्तांनी काढले होते. अशा वेळी महापालिकेशी भांडून उपयोग नाही.

वकिलाला पैसे नाहीत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि उत्पन्नमर्यादेत बसणारे यांना वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. उच्च न्यायालयात रिट करायची तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. मानवी हक्क आयोगाला वकील लागतच नाही, साधा अर्ज चालतो, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत.

तक्रार केली तर उद्या नळ तोडतील, टपरी हलवतील.

ही भीती खोटी नाही. मी कुणालाही ‘घाबरू नका’ असं सांगत नाही, कारण संध्याकाळी मी माझ्या घरी जाते आणि त्यांना तिथेच राहायचं असतं. काही जण गुरूला, म्हणजे ज्यांच्या घरात राहतात त्या ज्येष्ठ तृतीयपंथीयाला, विचारल्याशिवाय सही करत नाहीत, तेही बरोबर आहे. घरातल्या चौघी मागे असल्या तर काउंटरवरचा सूर वेगळा लागतो. एकटीच्या नावाऐवजी पाच-सहा जणींच्या सहीने अर्ज द्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे मांडा. तिथे सगळी खाती एका टेबलाशी असतात आणि नंतरची नळजोडणी कुणी तोडली, हे लगेच विचारता येतं.

किती दिवस लागतात?

नियमाने तीस दिवस. गजऱ्याच्या ताईचं काम सात महिन्यांनी झालं. दोन स्मरणपत्रं, एक माहिती अधिकार, एक लोकशाही दिन. मधल्या काळात तिने पाट उचलला नाही, आणि पावत्या फाडल्या जातच होत्या. प्रमाणपत्र मिळालं तेव्हा तिने ते आधी ओढणीने पुसलं, मग माझ्याकडे दिलं. फोटो बरोबर, जागा बरोबर, धंदा बरोबर. नावापुढे छापलं होतं ‘श्री.’

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही पुन्हा आवक-जावकच्या खिडकीशी. दोन प्रती घेऊन.